विनाचौकशी

९ जानेवारी, निपाणी

आज आम्ही एका माणसाला मारलं. तो जगला आहे असं संध्याकाळी कळलं.

स्वरूप काल गेला. माझा धाकटा भाऊ. तवंदी घाटाच्या पायथ्याला सेवारस्त्यावर कुणीतरी त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. एका खेड्यातला शेतीपंप दुरुस्त करून तो परत येत होता. मी हैदराबादहून निघून सकाळी पोचलो तेव्हा शवविच्छेदन चाललं होतं. दवाखान्याच्या आवारात आमच्या गल्लीतले बरेच लोक उभे होते. पोलिसांनी त्याचं हेल्मेट माझ्या हातात दिलं. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. ते हँडलला अडकवून फिरायची त्याची सवय.

तेवढ्यात एक पिकअप आत आली. मागच्या फळ्यांवर रक्त वाळलेलं होतं. चालक उतरला आणि आमच्यात कुणाला तरी शोधत असल्यासारखा बघू लागला. महादेव त्याचं नाव, संकेश्वरकडचा, कानडी बोलणारा. हे सगळं नंतर कळलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ह्योच त्यो. ह्याच्याच गाडीला रगत हाय बघा." आवाज ओळखीचा वाटला, पण मी वळून पाहिलं नाही.

मग सगळे तुटून पडले. कुणाच्या हातात उसाचं कांडकं होतं, कुणी लाथांनी मारत होतं. तो खाली पडला आणि डोकं हातांनी झाकून मुटकुळं करून पडून राहिला. मी कधी कुणावर हात उचललेला नाही, शाळेतही नाही. त्या घोळक्यात कसा शिरलो ते आठवत नाही. हेल्मेट वर गेलं हे आठवतं, आणि ते त्याच्या कानामागे बसलं तो आवाज आठवतो. मी आणखी एकदा मारलं. तो सारखा "भाव, भाव" म्हणत होता. आमच्याकडे भावाला भावच म्हणतात, आणि कानडी माणूस मराठी बोलताना शब्द असाच तोडून बोलतो. भाऊ म्हणून गयावया करतोय असं वाटलं. मला त्याचा जास्तच राग आला. माझा भाऊ आत टेबलावर होता.

मारुतीराव, म्हणजे माझी बहीण रचना हिचे यजमान, माणसं ढकलत पुढे आले. "भाव म्हणतोस व्हय रं," म्हणाले आणि त्याच्या तोंडावर बुटाची लाथ घातली. जबडा मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. त्यानंतर तो बोलला नाही.

दुपारी स्वरूपला अग्नी दिला. बायकोने, केतकीने, फोनवर सांगितलं, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहून काढा. म्हणून ही वही.

११ जानेवारी

रक्षाविसर्जन झालं. आई नदीवर आली नाही. दारात बसून राहिली.

पोलीस निरीक्षक घरी आले होते. त्यांनी सांगितलं की महादेवच्या पिकअपला पुढे कुठेच ठोकर नाही. स्वरूप रस्त्याकडेला पडलेला दिसला म्हणून त्याने गाडी थांबवली आणि त्याला दवाखान्यात आणलं. दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला म्हणून तो स्वतःहून परत आला होता. स्वरूपच्या डोक्याला दोन जखमा आहेत, एक पडून झालेली. दुसरी कशाची ते डॉक्टरांना ठामपणे सांगता येत नाही. उडवणारी गाडी अज्ञात.

निरीक्षक गेल्यावर मारुतीरावांना म्हटलं, मला त्या माणसाला भेटायला जायचं आहे. तो बेळगावच्या दवाखान्यात आहे. मारुतीराव म्हणाले, "अण्णा, तुमी न्हाय जायचं. तुमी सरकारी माणूस. नाव आलं तर नोकरीवर येईल. मी बघतो सगळं." त्यांनी खरंच सगळं बघितलं आहे. लाकडं, भटजी, पोलीस, सगळं. त्यांची व्हॅन पासिंगसाठी कोल्हापूरला दिली आहे, तरी मोटारसायकलवरून बिचारे दिवसभर पळताहेत.

रात्रीचं जेवण कुणी केलं नाही. रचनाने आईला दूध पाजलं.

१५ जानेवारी

ऑफिसला रजा सांगितली आहे, पण परिषदेचं काम थांबवता येत नाही. निरनिराळ्या देशांमध्ये विमा कंपन्यांवर देखरेख करणारी आमच्यासारखी जी कार्यालयं आहेत, त्यांची ही आंतरराष्ट्रीय परिषद. पुढच्या पाच वर्षांत आम्ही सगळ्यांनी कशावर लक्ष ठेवायचं याचा आराखडा एप्रिलमध्ये मंजूर होईल. त्यातलं एक प्रकरण माझ्याकडे आहे. ज्यांच्यापर्यंत विमा पोचतच नाही अशा माणसांचं. दोन वर्षं मी त्यावर काम करतो आहे. माझं म्हणणं साधं आहे: लहान रकमेचा विमा कागदपत्रांविना मिळावा आणि माणूस गेल्यावर घरच्यांना चौकशीविना, लगेच पैसे मिळावेत. आपल्याकडे काही कंपन्यांनी हे सुरूही केलं आहे. दुःखातल्या माणसाला कचेरीत फेऱ्या घालायला लावू नये.

माजघरात लॅपटॉप ठेवून बैठकीला बसलो. मागून आईचं रडणं ऐकू जात होतं, म्हणून माईक बंद ठेवला. अध्यक्षबाई नॉर्वेच्या आहेत. त्यांनी सगळ्यांना मिनिटभर शांत राहायला सांगितलं. पडद्यावर निरनिराळ्या देशांची माणसं खाली मान घालून बसली होती. ते बघून मला पहिल्यांदा रडू आलं.

मारुतीराव चहा घेऊन आले आणि शेजारी बसून बघत राहिले. ते स्वतः विमा एजंट आहेत, दोन-तीन कंपन्यांचं काम करतात. बैठक संपल्यावर त्यांनी बारीकसारीक विचारलं. चौकशीविना म्हणजे किती रकमेपर्यंत, निरनिराळ्या कंपन्यांच्या पॉलिसी असल्या तर कंपन्या एकमेकींना कळवतात का, पुढे कळवायला लागणार का. मी सांगितलं, आज कळवत नाहीत, आराखड्यात तसा विचार आहे पण तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत काही होणार नाही. ते म्हणाले, "म्हंजे अजून टाईम हाय म्हणा की." घरात माझं काम समजून घेणारं कुणीतरी आहे याचं बरं वाटलं. स्वरूपला कधी कळलं नाही. तो म्हणायचा, अण्णा, तू जगाचा विमा बघतोस आणि तुझ्या स्कूटरचा संपलाय.

१९ जानेवारी

उत्तरकार्य उरकलं. पाहुणे जेवून गेल्यावर मारुतीरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेल्या वर्षभरात स्वरूपने लहान लहान पॉलिसी काढल्या होत्या, सगळ्या त्यांच्यामार्फत. वारस म्हणून काहींवर आईचं नाव, काहींवर रचनाचं. मला आश्चर्य वाटलं. स्वरूप असल्या गोष्टींचा कंटाळा करायचा. आई म्हणाली, "त्यो कुठला काढतोय. दाजी दुकानात यायचे, सही कर रं म्हणायचे. ह्यो मोटरीला तार गुंडाळत करायचा." म्हणजे मारुतीरावांनीच मागे लागून करून घेतलं. एजंट असाच हवा. लोक विम्याचं ऐकत नाहीत, मागे लागावं लागतं, हे मी स्वतः आराखड्यात लिहिलं आहे.

रचनाच्या दंडावर काळानिळा वण आहे. न्हाणीत घसरले म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती लहानपणापासून अशीच, दुखलं तर गप्प. माझ्यावर गेली आहे.

२ फेब्रुवारी, हैदराबाद

आज बैठकीत मी स्वरूपबद्दल बोललो. आधी ठरवलं नव्हतं. एका देशाचे प्रतिनिधी म्हणत होते की चौकशीविना दावे देणं म्हणजे फसवणुकीला दार उघडणं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, माझा भाऊ शेतातल्या मोटरी दुरुस्त करायचा. त्याच्याकडे लहान पॉलिसी होत्या. माझ्या आईला कुठे जावं लागलं नाही, काही सिद्ध करावं लागलं नाही. तुम्ही ज्याला धोका म्हणता त्याने आमच्या घरातल्या म्हातारीची लाज राखली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, हे आराखड्यात यायला हवं. नाव न घालता, माझ्या प्रकरणाच्या सुरुवातीला चौकटीत. सगळ्यांनी होकार दिला.

बैठकीनंतर पूर्णिमा केबिनमध्ये आली. ती माझ्या हाताखाली आहे, कारवारकडची, हुशार आहे पण तोंडाळ. दार लावून म्हणाली, "सर, एक विचारू? सगळ्या पॉलिसी एकाच वर्षातल्या?"

मी हो म्हटलं.

"आणि सगळ्या विनाचौकशी मर्यादेच्या आत? एकही वर नाही?"

मी म्हटलं, त्यात काय.

"दुसऱ्या कुणाची फाइल असती तर तुम्हीच मला हे विचारायला लावलं असतं."

मी तिला बाहेर जायला सांगितलं. आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या टेबलांवरची माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या भावाच्या मरणात तिला फाइल दिसते.

२० फेब्रुवारी, निपाणी

आईला भेटायला आलो. राहिलेले दावेही मिळाले, आता सगळे. मारुतीरावांनी आईच्या बँकेतलं कामही स्वतः बघितलं. व्हॅन परत आली आहे. पुढून नवा रंग दिला आहे, आता पांढरी दिसते. पासिंगला रंग का द्यावा लागला असं सहज विचारलं तर म्हणाले, जुनं झालं हुतं.

महादेवबद्दल विचारलं. म्हणाले मिटवलंय, त्याच्या घरच्यांनी तक्रार करायची नाही असं ठरलंय. मी म्हटलं, मला एकदा जाऊन माफी मागायची आहे. ते चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हातातला पितळी पेला त्यांनी भिंतीवर फेकला. आई दचकून उठली. "मिटल्यालं उकरून काढू नगा अण्णा. त्या माणसाचं तोंड उघडलं तर तुमच्या हातातलं हेल्मेट पैलं भाईर येईल." मग पेला उचलून आणला, आईजवळ ठेवला आणि हसले. आपलं चुकलं म्हणाले. ते माझ्या काळजीने बोलतात हे मला समजतं.

जाताना म्हणाले, "रचनाचापण विमा उतरवलाय आता. जिवाचा काय भरवसा. स्वरूपचं बघितलं न्हवं." हे बरं केलं. रचना चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. ती भाकरी तव्यावर गेली नाही, तशीच परातीत राहिली.

६ मार्च, हैदराबाद

झोप नाही. हेल्मेट बसल्याचा तो आवाज दिवसासुद्धा ऐकू येतो. आज लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा आला. केतकीला अजून सांगितलेलं नाही की मीही मारलं. गर्दी होती, एवढंच तिला ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारी महादेवकडे जाणार. मारुतीरावांना कळवणार नाही.

१४ मार्च, संकेश्वर, बसस्थानक

बाकावर बसून लिहितो आहे. निरीक्षकांना फोन लावला आहे, ते बैठकीत आहेत, उलट फोन करतो म्हणाले. त्यांचा फोन येईपर्यंत हे लिहायलाच हवं, नाहीतर मी स्वतःवर विश्वास ठेवणार नाही.

महादेवचं घर गावाबाहेर आहे. तो खाटेवर बसला होता. जबडा तारेने बांधलेला होता, ती तार परवा काढली, पण अजून नीट बोलता येत नाही. मला ओळखल्याबरोबर तो उठून भिंतीला टेकला आणि हात डोक्यावर घेतले. मी काही केलं नव्हतं, नुसता दारात उभा होतो. त्याची बायको कस्तुरी खुरपं घेऊन पुढे आली. माझं कानडी बाजारापुरतं. मी हात जोडले. म्हटलं, तप्पायतु, चूक झाली, मी त्या मेलेल्या माणसाचा थोरला भाऊ.

ती जे बोलली ते मोडक्या मराठीत, एका दमात बोलली. तुम्हाला आता माफी हवी? त्या दिवशी आम्ही दोघं बाजारातून येत होतो. तुमच्या भावाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझं लुगडं अजून धुवून निघालं नाही. मी त्याला विचारलं, यार होडदार, कुणी मारलं? शुद्धीत होता. कानडीत बोलला, आमच्यासारखं चांगलं कानडी. "नम्म भाव" म्हणाला. घाटाच्या वळणावर परत म्हणाला. गाडीने पाडलं, मग उतरून चाक काढायच्या लोखंडी टॉमीने मारलं, नम्म भाव. दवाखाना यायच्या आत गेला. माझा नवरा दुसऱ्या दिवशी तेच सांगायला आला होता. तुम्ही त्याला सांगू दिलंत?

मी विचारलं, भाव म्हणजे?

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी वेडा आहे.

कानडीत नम्म म्हणजे आमचा, आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला भाव म्हणतात. आम्ही दाजी म्हणतो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. निपाणीत जन्मलेल्या कुणाला ठाऊक नसतं? रचना माझी धाकटी बहीण, तिचा नवरा माझा कुणी भाव नव्हे. पण ती स्वरूपची थोरली बहीण. महादेव आमच्या पायाखाली पडून मारणाऱ्याचं नाव सांगत होता. आणि आम्हा सगळ्यांमध्ये ते फक्त एका माणसाला समजलं. त्याने बुटाने महादेवचं तोंड बंद केलं.

तक्रार का केली नाही म्हणून विचारलं. ती म्हणाली, ज्याने लाथ मारली तोच आला होता. रक्त तुमच्या गाडीत आहे, तोंड उघडलं तर तुम्हीच आत जाल म्हणाला.

आईला फोन केला. रचना कुठे आहे विचारलं. आई म्हणाली, "दोघं सकाळीच गेल्यात मोटारसायकलवरनं. लोंढ्याला, त्यांच्या मावशीकडं."

व्हॅन दारातच आहे असंही म्हणाली, तरी मोटारसायकलवरून गेले. खानापूरच्या पुढे सगळं रान.

१५ मार्च

काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

निरीक्षकांचा फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि खानापूरला कळवतो म्हणाले. पण रानातल्या रस्त्यावर कोण कुठे शोधणार. रचनाचा फोन बंद होता. मारुतीरावांचा लागला. वाऱ्याचा आवाज येत नव्हता, म्हणजे थांबले होते. मी काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं. रागाने बोललो असतो तर ती तिथेच मेली असती. मग मी जे बोललो ते आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मी नियम रचला.

म्हटलं, मारुतीराव, घाईने कळवतो, तुमच्या फायद्याचं आहे. आराखड्यातलं एक कलम आजच लागू झालं. एकाच घरात वर्षाच्या आत दुसरा मृत्यू झाला तर आधीचे सगळे दावे उघडायचे, सगळ्या कंपन्यांचे एकत्र. दिलेलं परत घ्यायचं आणि एजंटला बोलवायचं.

त्यांनी मनात हिशेब केला असावा.

"तुमी तर चार वर्सं म्हणला हुता."

म्हटलं, मी म्हणालो होतो. बाकीच्या देशांनी ऐकलं नाही.

"आजपास्नं?"

"आजपासून."

पलीकडे ते कुणाला तरी म्हणाले, बस गं माघारी. मग मला म्हणाले, "बरं केलासा कळवलासा. मावशीला बरं न्हाय म्हणत्यात, आमी माघारी फिरतो." आणि हसले. त्यांचं सगळं आयुष्य नियमाच्या आतबाहेर चालतं. म्हणूनच त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

मी टॅक्सी करून खानापूरला गेलो. बाजाराच्या तोंडाला पोलिसांनी आडवी गाडी लावली होती. त्यांना पाहताच मारुतीरावांनी मोटारसायकल फुटपाथवर घातली. रचना मागून उडून डांबरावर पडली. मनगटाचं हाड कातडीतून बाहेर आलं. ते गाडीखाली अडकले. रचना उठून बसली आणि तो हात मांडीवर धरून ओरडली, "माझ्या भावाला मारलंय त्यानं. धरा त्याला."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. पोलिसांनीही नाही. मी तिला अजून काही विचारलेलं नाही.

बाजारातल्या माणसांनी धरलं. नंतर नुसतं धरणं राहिलं नाही. कुणी भाताच्या पोत्याचा हूक आणला, कुणी बांबू. गुडघा फुटला, डोळा गेला असेल असं वाटलं. ते मला बघून "अण्णा, अण्णा" म्हणत होते. मी हातभर अंतरावर उभा होतो. पोलीस शिट्टी मारत आत घुसले आणि त्यांनी मारुतीरावांना ओढून काढलं. मी हललो नाही. पुढे गेलो नाही आणि अडवलंही नाही. हे जसं झालं तसं लिहून ठेवतो.

१८ मार्च

बैठक झाली. आराखडा छपाईला जायचा होता. मी सांगितलं, माझ्या प्रकरणाच्या सुरुवातीची चौकट काढा. तो माणूस त्याच पॉलिसींसाठी मारला गेला. मारणारा घरातला होता, एजंट होता, आणि त्यानंतर आठवड्याभराने, कुठवर चौकशी होत नाही हे त्याला मी स्वतः चहा पिताना समजावून सांगितलं होतं.

अध्यक्षबाईंना पहिल्यांदा समजलं नाही. मी परत सांगितलं.

चौकटीच्या जागी एक वाक्य घालायची मी विनंती केली: ज्याच्या जिवावर विमा काढायचा त्याला दुसऱ्या कुणीतरी, एजंटशिवाय, त्याच्या भाषेत विचारावं की हे तुला ठाऊक आहे का. त्यावर चर्चा झाली. लहान पॉलिसीला एवढा खर्च झेपणार नाही, काहीजण म्हणाले. ते खरं आहे. दोन वर्षं मीच हे म्हणत होतो. शेवटी "शक्य तिथे" हे शब्द घालून वाक्य घेतलं.

पूर्णिमा माझ्या शेजारीच बसली होती. बैठक संपल्यावर तिने माझ्यासाठी पाणी आणलं.

२ एप्रिल, निपाणी

निरीक्षकांनी बोलावलं होतं. त्यांनी अडचण स्पष्ट सांगितली. व्हॅनचा जुना पत्रा मिळाला नाही, टॉमी मिळाली नाही. कस्तुरी आणि महादेव जे सांगतात ते दोन महिन्यांनी सांगतात. बचावाचा वकील म्हणणार की अपघात पिकअपनेच केला, आणि नवऱ्याला वाचवायला बायकोने शब्द रचला. "पहिल्याच दिवशी, कुणी शिकवायच्या आधी, महादेव हे बोलला होता असं सांगणारा कुणी असता तर गोष्ट वेगळी होती."

मी म्हटलं, मी ऐकलंय.

ते म्हणाले, "ऐकलंत तेव्हा तुम्ही कुठे होता?"

म्हटलं, त्याच्या अंगावर.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "नीट विचार करा. आनंदसाहेब, हे लिहून दिलंत तर मारहाणीत पहिलं नाव तुमचं येईल. नोकरी राहणार नाही. आजपर्यंत कुणी तुमचं नाव घेतलेलं नाही, त्या नवरा-बायकोनंसुद्धा."

आईला सकाळीच सांगून आलो होतो. ती म्हणाली होती, "आनंदा, एक गेला, एक हिकडं हात मोडून, एक आत गेल्यावर मी कुणाच्या दारात बसू?" रचना प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "जा तू अण्णा. मी हाय आईजवळ."

जबाब दिला. लिहिणारा हवालदार कानडीत लिहीत होता आणि मी मराठीत सांगत होतो. त्याने विचारलं, कशाने मारलं, किती वेळा, तो पडल्यावर की आधी. सगळं सांगितलं. पडल्यावर. तो काय ओरडत होता, मारुतीरावांनी काय उत्तर दिलं आणि कुठे लाथ मारली, तेही. त्याने वाचून दाखवलं. मी सही केली. हैदराबादला ऑफिसला हे सगळं कळवणारं पत्र काल पाठवलंच आहे.

बाहेर आलो तर महादेव आणि कस्तुरी व्हरांड्यात उभे होते. त्यांनाही आज बोलावलं होतं. दार उघडं होतं, त्यांनी ऐकलं असणार. महादेव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा जबडा एका बाजूला सरकलेला आहे, तो तसाच राहणार असं डॉक्टर म्हणतात. मी काही बोलायच्या आत त्याने मला तोंडात मारली. पूर्ण ताकदीने. मी खांबावर आपटलो. दात हलला, तोंडात रक्त आलं. हवालदार धावत आला. मी हात वर करून त्याला थांबवलं.

महादेव थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा मारेल असं वाटलं आणि मी तयार होतो. त्याने मारलं नाही. त्याने कस्तुरीला काहीतरी सांगितलं, मला ते समजलं नाही, आणि ती दोघं आत जबाब द्यायला गेली.